कोरियाच्या दरबारातील पोशाख

कोरियावर यी घराण्याने १३९२ पासून १९१० पर्यंत राज्य केले. या राज्यात अधिकाऱ्यांच्या नऊ श्रेणी असत, आणि दरबारात उभ्या असलेल्या माणसाची योग्यता त्याच्या वस्त्रांवरूनच ओळखली जाई. गोल गळ्याचा, रुंद बाह्यांचा पायघोळ झगा, कमरेस ताठ पट्टा आणि मस्तकावर 'सामो' नावाची काळी टोपी, असा तो वेष होता. टोपीला मागून दोन्ही बाजूंस पंखांसारख्या पट्ट्या असत. १४८५ साली कायम झालेल्या विधिसंग्रहाने समारंभाच्या झग्यांचे रंगही नेमून दिले: वरिष्ठांस तांबडा, मधल्यांस निळा, सातव्या ते नवव्या श्रेणीस हिरवा.

एवढ्याने भागेना. छातीवर व पाठीवर श्रेणीदर्शक भरतकामाचा चौकोन असावा, असा विचार सेजोंग राजापुढे १४४६ साली निघाला. मुख्य प्रधान ह्वांग हुई यांनी त्यास विरोध केला. राज्याने साधेपणास मान द्यावा व डामडौलास आळा घालावा, असे त्यांचे म्हणणे होते. राजाने ते मानले. परंतु आठच वर्षांनी, १४५४ मध्ये, बालराजा तानजोंग गादीवर असता, ती प्रथा सुरू झालीच. मुलकी अधिकाऱ्यांस पक्षी मिळाले, लष्करी अधिकाऱ्यांस पशू. मुलकी पहिल्या श्रेणीस मोर, तर लष्करी तिसऱ्या श्रेणीस अस्वल.

पुढे नियम शिथिल झाले. १८७१ साली वरिष्ठ मुलकी अधिकाऱ्यास दोन क्रौंच व कनिष्ठास एक, अशी सुटसुटीत व्यवस्था ठरली. १८८४ मध्ये कोजोंग राजाने बाह्या अरुंद करण्याची आज्ञा दिली, तेव्हा विद्वानांनी निषेधाचे अर्ज केले. त्यांच्या दृष्टीने बाही आखूड होणे म्हणजे पूर्वजांची रीत तुटणे होते. १९०० साली मात्र पाश्चात्त्य धर्तीचा गणवेश आला. त्यावर सोनेरी जरीने कोरियाचे जास्वंदवर्गीय फूल भरलेले असे.

या कडक व्यवस्थेत एक अपवाद होता. सामान्य रयतेतील तरुणास लग्नाच्या दिवशी अधिकाऱ्याचा हा पोशाख अंगावर घालण्याची मुभा असे. त्या एका दिवसापुरता शेतकऱ्याचा मुलगाही दरबारी होई. आज दरबार नाही, श्रेणी नाहीत, पक्ष्यांचे चौकोन संग्रहालयांत गेले आहेत. पण जुन्या पद्धतीच्या विवाहात कोरियन वर अद्याप तोच झगा आणि तीच पंखांची टोपी घालतो. जो वेष माणसामाणसांत अंतर दाखविण्यासाठी शिवला गेला, तो अखेर टिकला तो सर्वांना मिळालेल्या एका दिवसाच्या सवलतीमुळे.