गंगोत्री : उगम की उतार?

मराठीत ‘गंगोत्री’ म्हणजे उगम हे इतके रुळले आहे की एखाद्या चळवळीची वा घराण्याची गंगोत्री शोधताना कुणी अडखळत नाही. शब्दाची प्रचलित फोड मात्र दुसरेच सांगते. गंगा ‘उतरी’, म्हणजे खाली उतरली, ती गंगोतरी. बोलताना मधला अकार गळून गंगोत्री. यमुनोत्रीची घडणही तीच आणि आपले ‘उतरणे’, ‘उतार’ त्याच कुळातले. मला ही फोड पटते, कारण भूगोल तिच्या बाजूने आहे. गोरखा सेनापती अमरसिंह थापा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेले गंगोत्रीचे मंदिर भागीरथीच्या काठी आहे. नदी हिमनदीतून बाहेर पडते ती सुमारे 18 किलोमीटर वर, गोमुखाशी. यमुनोत्रीच्या मंदिराचेही तसेच. यमुनेचे हिमक्षेत्र तिथून बरेच उंचावर.

यावर एक आक्षेप दमदार आहे. ‘गंगोत्तरी’ असे दुहेरी ‘त’ असलेले रूपही लिहिले जाते, मग मूळ ‘उत्तर’ दिशा का नसावी? ही शक्यता पुरती खोडता येत नाही. पण दिशा मानली तर मंदिर नेमके याच जागी का, हे उलगडत नाही. उतरणे मानले की भगीरथाची कथाच नावात येते. आणि म्हणूनच मराठीतला ‘उगम’ हा अर्थ चुकीचा म्हणवत नाही: कथेतली गंगा स्वर्गातली, यमुना सूर्याची कन्या. दोघींचा पृथ्वीवरचा आरंभ उतरण्यातूनच होतो.