संगणकाची पदवी आणि विद्यापीठाची सही



बारावीचा निकाल लागला की आमच्या अष्टमीत चार-सहा दिवस शिक्षकाच्या दारावर चपलांची गर्दी होते. कोणी मुलाला घेऊन येतो, तर कोणाचे वडील आखातातून फोन करतात. प्रश्न बहुधा एकच असतो, “सर, कॉम्प्युटरला कुठे घालू?” मग मुंबई की पुणे, फी किती, वसतिगृह आहे की नाही, आपल्या समाजाची मुले तिथे आहेत की नाहीत, याची चौकशी होते. ही चौकशी योग्यच आहे. परंतु पदवीच्या कागदावर सही कोणत्या विद्यापीठाची असेल, हा प्रश्न मला आजवर फारच थोड्या पालकांनी विचारला आहे.

मी इतिहास शिकवतो. संगणकाच्या अंतरंगाविषयी माझ्यापेक्षा माझे नववीचे विद्यार्थी अधिक जाणतात. तरीही या सहीला स्वतःचा एक इतिहास आहे, आणि तो ठाऊक असता तर आमच्या घरातील एका मुलाची दोन वर्षे वाया गेली नसती. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या देशात शिकवणारा एक आणि पदवी देणारा दुसरा, ही व्यवस्था फार जुनी आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली कायद्याने स्थापन झाले, ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. आरंभी हे विद्यापीठ कोणालाच शिकवीत नसे. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवावा, परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी. १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते. दोघेही शिकले एल्फिन्स्टन महाविद्यालयात, पण पदवी मिळाली ती विद्यापीठाची. ज्याला आपण आज ‘संलग्न महाविद्यालय’ म्हणतो त्याचे मूळ हे असे आहे.

आपल्या समाजाने ही गोष्ट उशिरा ओळखली. मुंबईत १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन आणि कोकणी मुसलमानांचे एक पुढारी नाखुदा महंमद अली रोघे यांनी मिळून अंजुमन-ए-इस्लाम काढली. पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढला मदरसा सुरू केला आणि १८७७ मध्ये त्याचेच महाविद्यालय झाले. आता एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्यावे. सर सय्यदांच्या महाविद्यालयात उत्तम इमारती होत्या, केंब्रिजहून आलेले प्राध्यापक होते, देशभर नाव होते; नव्हता तो फक्त पदवी देण्याचा अधिकार. तेथील विद्यार्थी प्रथम कलकत्ता विद्यापीठाच्या व नंतर अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षेला बसत. अलीगढला स्वतःची पदवी देता यावी म्हणून आपल्या लोकांनी वर्षानुवर्षे वर्गणी गोळा केली, शिष्टमंडळे नेली, सरकारशी वाद घातला. कायदा झाला १९२० साली. सर सय्यद १८९८ मध्येच अल्लाला प्यारे झाले होते. ज्या एका अधिकारासाठी एवढी मोठी संस्था पंचेचाळीस वर्षे थांबली, तो अधिकार एखाद्या बाजारपेठेतल्या माडीवर, दोन खोल्या आणि वीस संगणक यांच्या जोरावर कसा मिळेल?

स्वतंत्र भारतात हा अधिकार नेमका कोणाला आहे हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याने ठरवून टाकले. त्याचे कलम २२ सांगते की पदवी फक्त तेच देऊ शकतात : केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत दर्जा मिळालेली संस्था, अथवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. कलम २३ अन्वये इतर कोणालाही आपल्या नावापुढे ‘विद्यापीठ’ हा शब्द लावता येत नाही. आयोगाचे उद्घाटन १९५३ साली शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांनी केले होते. १९५६ मध्ये त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले, आणि त्यानंतर अध्यक्ष झाले ते आपल्या कुंडलिकेच्या पलीकडच्या तीरावरचे, रोह्याचे चिंतामणराव देशमुख.

चिंतामणरावांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते गावचा, पण घर रोह्याचे. १९१२ च्या मॅट्रिकला ते मुंबई इलाख्यात पहिले आले, केंब्रिजला शिकले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे अर्थमंत्री झाले. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. त्यानंतर १९६१ पर्यंत देशातल्या विद्यापीठांचा कारभार पाहणाऱ्या आयोगाचे ते प्रमुख होते, ही गोष्ट मात्र आमच्या पुलाच्या दोन्ही बाजूंना फारशी माहीत नाही. आणखी एक योगायोग सांगतो. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपदही बरीच वर्षे त्यांच्याकडे होते. प्रा. महालनोबिसांच्या त्या संस्थेत १९५५-५६ च्या सुमारास इंग्लंडहून एचईसी-२एम नावाचे यंत्र आले. तोच भारतातील पहिला अंकीय संगणक. म्हणजे आपल्या तालुक्याचा या विषयाशी संबंध पुष्कळ जुना आहे!

पण येथेही पाहा. संगणक प्रथम आला तो विद्यापीठात नव्हे, संशोधन संस्थेत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला ‘टीफ्रॅक’ १९६० मध्ये चालू झाला. कानपूरच्या आय. आय. टी.मध्ये १९६३ साली आय. बी. एम. १६२० आला आणि तेथे संगणकाचे शिक्षण रीतसर सुरू झाले. त्या काळी संगणकाचे काम करणारी माणसे पदवीने गणिताची, पदार्थविज्ञानाची किंवा विजेच्या अभियांत्रिकीची असत. ‘संगणकशास्त्र’ नावाची पदवी सामान्य महाविद्यालयात मिळू लागली ती बरीच नंतर. त्यामुळे मागणी आधी आली आणि पदवी मागून. मधली पोकळी भरून काढली खाजगी वर्गांनी. त्यांतले काही चांगले होते, हे मान्य केले पाहिजे. त्यांच्या प्रमाणपत्रावर नोकऱ्या मिळालेले लोक आपल्या मोहल्ल्यात आहेत. परंतु प्रमाणपत्र आणि पदवी यांतली रेघ तेव्हापासून पुसट झाली ती झालीच.

महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. लगेच १९८४ मध्ये अंजुमनने भायखळ्याला साबू सिद्दीक अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. पुढे २०११ साली नवीन पनवेलला अंजुमनचेच काळसेकर टेक्निकल कॅम्पस झाले, ते तर आपल्याच जिल्ह्यात. याच लाटेत ‘डोनेशन’ची कीडही आली. तिला आळा घालण्यासाठी कॅपिटेशन फी बंदीचा राज्याचा कायदा १९८७ मध्ये झाला, आणि त्याच वर्षी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला संसदेने वैधानिक दर्जा दिला. पुण्याच्या पी. ए. इनामदार यांच्या नावाने गाजलेल्या २००५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विनाअनुदान संस्थांवर सरकार आपला कोटा लादू शकत नाही, मग त्या अल्पसंख्याकांच्या असोत वा इतरांच्या. परंतु प्रवेश गुणवत्तेवर, पारदर्शक रीतीने झाले पाहिजेत आणि कॅपिटेशन फी कोणालाही घेता येणार नाही. ‘आपली संस्था आहे, थोडे द्यावे लागते’ असे म्हणणाऱ्या पालकांनी हा निकाल विसरू नये.

आता आपल्या अगदी जवळचे विद्यापीठ. कोलाड, इंदापूर, माणगाव मागे टाकले की लोणेरे लागते. तेथे १९८९ च्या कायद्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. ज्या महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी १९२७ मध्ये सत्याग्रह केला ते महाड तेथून जवळच. आमच्याकडे अजून ‘लोणेरे म्हणजे खेडे, मुंबई ती मुंबई’ असे बोलले जाते. मला हे पटत नाही. मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे. त्याची पदवी देणारी महाविद्यालये उत्तमही आहेत आणि सामान्यही. उलट लोणेऱ्याच्या स्वतःच्या आवारात शिकणाऱ्याला शिकवणारे आणि पदवी देणारे एकच आहेत. एस. टी.च्या अंतरावर विद्यापीठाचे आवार असणे ही आमच्या मुलींच्या बाबतीत लहान गोष्ट नव्हे.

मात्र एक फरक नीट समजून घ्यावा. २०१४ च्या कायद्याने लोणेऱ्याला राज्यभरातील तंत्रशिक्षण महाविद्यालये संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळाला आणि २०१७-१८ पासून अशी महाविद्यालये त्याच्याकडे येऊ लागली. त्यामुळे एखादे महाविद्यालय मुंबईत असले म्हणून पदवी मुंबईचीच असेल असे नाही. एकाच इमारतीत, एकाच बाकावर, एक वर्षाच्या अंतराने प्रवेश घेतलेल्या दोन भावांच्या पदव्यांवर दोन विद्यापीठांची नावे असू शकतात. दोन्ही विद्यापीठे कायद्याची आहेत, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. पण अभ्यासक्रम निराळा आणि परीक्षा घेणारे निराळे. परीक्षा विभागाचाही विचार करावा. मुंबई विद्यापीठाच्या २०१७ च्या उन्हाळ्यातील परीक्षांचे निकाल ऑनलाइन तपासणीच्या घोटाळ्यात कित्येक महिने रखडले, तेव्हा पुढच्या प्रवेशासाठी धावणाऱ्या मुलांचे हाल साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

पदवीचे नावही पाहावे. बी. ई. किंवा बी. टेक. असेल तर तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता हवी. बी. सी. ए.लाही २०२४-२५ पासून परिषदेच्या कक्षेत घेतले आहे. बी. एस्सी. संगणकशास्त्र हा विद्यापीठाच्या विज्ञान शाखेचा अभ्यासक्रम. तो कमी दर्जाचा आहे असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. गणित आवडणाऱ्या आणि चार वर्षांची अभियांत्रिकीची फी न झेपणाऱ्या मुलासाठी मी तोच सुचवतो. काही महाविद्यालये ‘स्वायत्त’ असतात. तेथे अभ्यासक्रम आणि परीक्षा महाविद्यालयाची, पण पदवी पुन्हा विद्यापीठाचीच. खाजगी विद्यापीठ स्वतःच्या आवारात शिकवून पदवी देऊ शकते, मात्र बाहेरची महाविद्यालये त्याला संलग्न करता येत नाहीत. ‘अमुक खाजगी विद्यापीठाला संलग्न’ अशी पाटी दिसली तर तेथून पाय मागे घ्यावा.

आता आमच्या घरची हकीकत. माझा चुलतभाऊ २००३ मध्ये बारावी झाला, तेव्हा मी शाळेत होतो. मुंबईच्या एका उपनगरात त्याला संगणकाच्या ‘विद्यापीठीय’ पदवीला घातले. संस्था एका माळ्यावर होती. विद्यापीठ म्हणे परराज्यातले. चाचा सौदीत होते. त्यांनी दोन वर्षांची फी एकरकमी भरली, कारण तशी भरल्यास सूट होती. प्रॉस्पेक्टस इतके गुळगुळीत होते की आम्ही मुले ते हात धुऊन बघत असू.

त्याच सुमारास छत्तीसगढ राज्याने २००२ च्या एका कायद्याखाली केवळ अधिसूचना काढून शंभराहून अधिक, नेमकी सांगायची तर ११२ विद्यापीठे निर्माण केली होती. कित्येकांना ना आवार, ना ग्रंथालय; पत्ता म्हणजे एखादी खोली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष, शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने ती तरतूद रद्द ठरवली आणि त्या विद्यापीठांचे अस्तित्वच संपले. आमच्या भावाच्या संस्थेचे विद्यापीठ त्याच यादीतले निघाले. माळ्यावरच्या कचेरीला आठवड्याभरात कुलूप. पुढे २०१७ च्या नोव्हेंबरातही सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर असाच बडगा उचलला, तेव्हा तर लोक नोकरीत बढत्या घेऊन बसलेले होते.

२००५ च्या जूनमध्ये तो मुंबई विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात पुन्हा पहिल्या वर्षाला बसला, आपल्यापेक्षा दोन-दोन, तीन-तीन वर्षांनी लहान मुलांच्या वर्गात. पहिले काही महिने तो सुट्टीतही गावी येत नसे. लोक काय विचारतील म्हणून. २००८ मध्ये तो पास झाला. त्या पदवीवर मंत्रालयाचा शिक्का बसला, परराष्ट्र मंत्रालयाचा बसला, वकिलातीचा बसला आणि तो दुबईला गेला. पहिल्या संस्थेने दिलेली सोनेरी अक्षरांची फाइल चाचींनी टाकली नाही. अजून ती कपाटात आहे. हल्ली तिच्यात विजेची बिले ठेवतात.