मोडलेल्या हाडाचे मोल

काचीगुडा रेल्वे स्थानकाची इमारत १९१६ साली, मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत उभी राहिली. मराठवाड्यातून हैदराबादेस येणाऱ्या उतारूंना ती चांगलीच परिचयाची आहे. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी याच स्थानकात लोकल गाडी व हंड्री एक्स्प्रेस यांची टक्कर होऊन अनेकजण जखमी झाले. अशा प्रसंगी डॉक्टरांचे पहिले कर्तव्य जीव वाचविण्याचे. परंतु जखमा भरून आल्यावर त्यांचे आणखी एक काम उरते. अवयवाची किती हानी कायमची राहिली, हे त्यांना न्यायासनापुढे सांगावयाचे असते. या दुसऱ्या कामाचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही.

अपघाती मृत्यूच्या भरपाईचा कायदा आपल्याकडे १८५५ सालीच झाला. परंतु त्यात दुसऱ्याचा दोष सिद्ध करावा लागे. गिरणीत वा यार्डात हात गमावलेल्या मजुराला हे कोठून जमावे? जर्मनीने १८८४ साली व इंग्लंडने १८९७ साली कामगारांसाठी निराळी वाट काढली. हिंदुस्थानात ती १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने खुली झाली. हा कायदा ब्रिटिश मुलुखाचा. निजामच्या राज्याला तो आपोआप लागू नव्हता.

या कायद्याला एक कोष्टक जोडलेले होते. उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची शक्ती शेकडा ७० ने घटली, डावा गेला तर ६० ने, अंगठा गेला तर २५ ने, असे त्यात ठरविले होते. घासाघीस टळली, हा या कोष्टकाचा मोठा गुण होय. मात्र हात कोणाचा, हे त्यात विचारलेले नव्हते. १९६२ साली कोष्टक नव्याने रचले गेले, तरी हा प्रश्न तसाच राहिला.

शिवाय ते बहुतांशी तुटलेल्या अवयवांचे कोष्टक होते. हाड वाकडे जुळले, गुडघा ताठरला, पाय आखूड झाला, तर काय? राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधल्यापासून हाड जुळले की नाही हे दिसू लागले. पण हमालाला ओझे घेऊन जिना चढता येईल की नाही, हे त्या चित्रात दिसत नाही. त्यासाठी डॉक्टरला सांध्याची हालचाल अंशांत मोजावी लागते, स्नायूंची ताकद पाहावी लागते. कोष्टकात नसलेल्या दुखापतींबाबत पात्र डॉक्टरने हे प्रमाण ठरवावे, असे १९८४ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले.

पुढचा धडा न्यायालयांनी दिला. ओरिसातील एका सुताराचा डावा हात कापावा लागला होता. कोष्टकाप्रमाणे हानी शेकडा ७० च, असा मालकाचा युक्तिवाद होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसाची हानी पूर्ण १०० आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये दिला. पुढे २०१० साली मोटार अपघाताच्या एका दाव्यात त्याच न्यायालयाने कामाची वाटणीच करून दिली. अवयवाची हानी किती हे डॉक्टरने सांगावे. तिच्यामुळे कमाई किती बुडाली हे न्यायाधिकरणाने ठरवावे. डावा हात गमावणारा वाहनचालक आणि तसाच हात गमावणारा सरकारी कारकून यांचे नुकसान सारखे नसते. उपचार न करताच मागेल त्याला दाखला देणाऱ्या डॉक्टरांविषयीही न्यायालयाने सावध केले. आणि साक्षीस येणाऱ्या डॉक्टरांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून त्यांना निश्चित वेळ द्यावी, असे सुचविले.

१९२३ च्या कायद्याची जागा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. कोष्टक तिच्यातही आहे. शाळेत शेकडेवारी शिकविताना आम्ही मुलांना प्रथम विचारतो, ‘शेकडा कशाचा?’ दाखल्यावर शेकडा ४५ असे लिहिलेले असेल, तर ते पायाचे की सबंध शरीराचे, हे जखमी माणसाने व त्याच्या आप्तांनी विचारून घ्यावे, आणि तसे स्पष्ट लिहून मागावे. आपण कोणते काम करून पोट भरीत होतो, ते मात्र न्यायासनापुढे आपणच मांडावयाचे असते. तेवढे मांडले गेले नाही, तर डॉक्टरचे मोजमाप अचूक असूनही भरपाई अपुरी पडते.