पणजोबांची नोंद कुठे शोधावी?

अनुवादाच्या 26व्या अध्यायात शेतकरी पहिल्या पिकाची टोपली वेदीपाशी आणतो, तेव्हा आपल्या भटक्या पूर्वजाचीच कथा सांगतो. आपले पणजोबा मराठवाड्यातून आदिलाबादेत आले, ते शेतीसाठी. परराज्यात नव्हे, दोन्ही मुलूख निजामाचेच होते. 1956 साली भाषावार सीमा आखली गेली. राजुरा, किनवट तिकडे गेले, आपण इकडे राहिलो.

आपला आदिलाबाद धर्मप्रांतही 1999चा. त्याआधी आपण चांदा धर्मप्रांतात होतो. म्हणून बाप्तिस्म्याची जुनी नोंद इथं मिळाली नाही, तर सीमेपलीकडेही चौकशी करू. मात्र वहीतलं नाव वेगळं नि घरातलं हाकेचं वेगळं असतं! ती दोन्ही आज फक्त आपल्या आज्यांनाच ठाऊक आहेत. या रविवारी मिस्सानंतर त्यांच्याकडून लिहून घेऊ.