डॉ. कमल रणदिवे यांचे संशोधनलेखन आणि त्याचा प्रभाव

भारतातील प्रायोगिक कर्करोग संशोधनाच्या पहिल्या पिढीत डॉ. कमल जयसिंग रणदिवे (१९१७-२००१) यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. पुण्यात जन्मलेल्या आणि हुजूरपागा व फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या रणदिवे यांच्या नावावर कर्करोग आणि कुष्ठरोग या विषयांवरील दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. मात्र हा आकडा आणि हा किताब यांवरून त्यांच्या कामाचे मोल नेमके कळते, असे म्हणता येत नाही.

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्यानंतर अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे त्यांनी ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर काचपात्रात पेशी जिवंत ठेवून वाढवण्याचे तंत्र आत्मसात केले. १९५१ मध्ये ‘हेला’ ही जगप्रसिद्ध पेशीमालिका तयार झाली, ती गाय यांच्याच प्रयोगशाळेत. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रणदिवे यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या.

त्यांच्या निबंधांचा मुख्य विषय स्तनांचा कर्करोग. आनुवंशिकता, संप्रेरके आणि मादी उंदरांच्या दुधातून पिलांकडे जाणारा विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून तपासला. एकच कारण शोधून थांबण्यापेक्षा अनेक कारणांची गुंतागुंत उलगडण्याकडे त्यांचा कल दिसतो.

शास्त्रज्ञाचा प्रभाव मोजण्याची रूढ साधने म्हणजे उद्धरणांची संख्या आणि ‘एच-निर्देशांक’. ज्याच्या किमान वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा उल्लेख झाला आहे, त्याचा निर्देशांक वीस, असा हा हिशेब होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडला. उद्धरणांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूचीही १९६४ मध्ये सुरू झाली. रणदिवे यांचे महत्त्वाचे काम त्याआधीचे, आणि त्यातील काही भारतीय नियतकालिकांत छापलेले. परदेशी सूचीत अशा नियतकालिकांना स्थान क्वचितच मिळे. तेव्हा केवळ अशा सूचीच्या आधारे त्यांची योग्यता ठरवणे अन्यायाचे होईल.

याचे बोलके उदाहरण एका निबंधाचे आहे. १९५८ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ पॅथॉलॉजी अँड बॅक्टिरिऑलॉजी’ या त्याच वर्षी निघालेल्या नियतकालिकाच्या पहिल्या खंडात बापट, रणदिवे आणि खानोलकर यांचा चार पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळालेला एक जीवाणू प्रयोगशाळेत वाढवल्याचे त्यात नमूद होते. कुष्ठरोगाचा जंतू काचपात्रात वाढत नाही, ही वैद्यकाची जुनी अडचण. ती सोडवण्यासाठी या मंडळींनी मज्जापेशींच्या संवर्धनाचा आधार घेतला. कर्करोगासाठी शिकलेले तंत्र असे दुसऱ्याच रोगाच्या कामी आले!

हा जीवाणू खुद्द कुष्ठरोगाचाच की त्याच्या गोत्रातला, यावर पुढे बराच वाद झाला. तो ‘मायकोबॅक्टेरियम एव्हियम’च्या गटातील असल्याचे मत अखेर रूढ झाले. पण त्यामुळे त्याची उपयुक्तता संपली नाही. केंद्राच्या आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ हे नाव मिळालेल्या या जीवाणूंपासून १९८० च्या दशकात डॉ. मधुकर देव व सहकाऱ्यांनी मृत जंतूंची लस तयार केली. तमिळनाडूतील मोठ्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत या लसीने ६५.५ टक्के संरक्षण दिले, तर बीसीजीने ३४.१ टक्के. तोवर बहुऔषधी उपचारांमुळे कुष्ठरुग्णांची संख्या झपाट्याने घटली होती. लस सार्वत्रिक वापरात आली नाही.

निबंधांच्या यादीत न मावणारे कामही थोडे नाही. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापकांपैकी होत. निवृत्तीनंतर त्यांनी अकोले तालुक्यातील राजूर परिसरात आदिवासी बालकांच्या पोषणाचे काम हाती घेतले. या कामाची मोजदाद उद्धरणांच्या कोणत्याही सूचीत नाही.