ईईए आणि नॉर्वे अनुदाने

ईईए आणि नॉर्वे अनुदाने : आइसलँड, लिख्टेनश्टाइन व नॉर्वे या युरोपीय संघाबाहेरच्या तीन देशांकडून संघातील तुलनेने कमी उत्पन्नाच्या सदस्यदेशांना मिळणारा सार्वजनिक निधी. त्याचे मूळ १ जानेवारी १९९४ रोजी अमलात आलेल्या युरोपीय आर्थिक क्षेत्र (ईईए) करारात आहे. सामाईक बाजारपेठेचा लाभ घेणाऱ्यांनी तिच्यातील विषमता कमी करण्याचा भारही उचलावा, ही त्यामागची भूमिका. २०१४–२१ या टप्प्यात १५ देशांसाठी सुमारे २८० कोटी युरोंची तरतूद होती. त्यातील जवळजवळ ९७ टक्के वाटा नॉर्वेचा. सर्वाधिक रक्कम पोलंडला मिळाली (८०.९३ कोटी).

आंतरसांस्कृतिक संवाद : या निधीचे सर्वांत मोलाचे काम सायप्रसमध्ये पाहावयास मिळते. राजधानी निकोसियाला दुभंगणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालील पट्ट्यात लेड्रा पॅलेस हॉटेलसमोर एक इमारत १९७४ मधील बेटाच्या फाळणीनंतर ओस पडली होती. इतिहासाच्या अध्यापनात दोन्ही समाजांचे दृष्टिकोन यावेत यासाठी झटणाऱ्या, ग्रीक व तुर्की सायप्रसवासीयांच्या एका संयुक्त संस्थेने ती मिळवून दुरुस्त केली. खर्चाचा मोठा भार या अनुदानांनी उचलला. ‘होम फॉर को-ऑपरेशन’ या नावाने २०११ मध्ये ती खुली झाली. येथे कॅफे, सभागृह व संस्थांची कार्यालये असून ग्रीक आणि तुर्की भाषांचे वर्गही चालतात. दोन्ही बाजूंच्या लोकांना एका छताखाली नित्य भेटता यावे, ही सोय एखाद्या परिषदेहून अधिक टिकाऊ ठरते. २०१४ मध्ये या वास्तूला युरोपा नोस्ट्रा पुरस्कार मिळाला.

ऊर्जाबचत : पोलंडमध्ये सार्वजनिक इमारतींच्या भिंती व छतांना उष्णतारोधक थर देणे, खिडक्या व तापनयंत्रणा बदलणे यांसाठी साहाय्य देण्यात आले.

नागरी संस्था : ईईए अनुदानांचा किमान दहावा हिस्सा नागरी संस्थांसाठी राखीव असून त्याचे वाटप सरकारपासून स्वतंत्र यंत्रणेने करावयाचे असते. याच मुद्द्यावर हंगेरीशी वाद झाला. २०१४ मध्ये वाटप स्थगित झाले आणि बुडापेस्टमधील वितरक संस्थेवर पोलिसांनी छापा घातला. पुढल्या वर्षअखेरीस समझोता झाला. नंतरच्या टप्प्यात मात्र नागरी निधीच्या व्यवस्थापकाबाबत मुदतीत एकमत झाले नाही आणि २०२१ मध्ये हंगेरी २१.४६ कोटी युरोंना मुकली. हंगेरीचे सरकार व अनुदान देणारे देश यांच्या वादात सर्वाधिक झळ छोट्या संस्थांना पोहोचली.

पुढील टप्पा : २०२१–२८; तरतूद सुमारे ३२७ कोटी युरो.