अवजारे बँक

ट्रॅक्टर व त्याची जोड-अवजारे तासाच्या किंवा एकराच्या दराने भाड्याने देणारा गावपातळीवरचा व्यवसाय. सरकारी कागदांत ‘कृषी अवजारे सेवा केंद्र’ हे नावही येते. नुसते अवजार क्वचितच बाहेर जाते. ट्रॅक्टर, चालक आणि बहुधा डिझेलही मालकाचे असते. शेतकरी झालेल्या कामाचे पैसे देतो.

पूर्वपीठिका : सावड, इर्जिक आणि वारंगुळा या बैल व श्रम एकमेकांना पुरवण्याच्या जुन्या रीती. एकेकच बैल असलेले दोघे मिळून औत जुंपत. महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, ती 2015-16 च्या कृषिगणनेत 1.34 हेक्टर झाली. एवढ्या रानासाठी स्वतःचा ट्रॅक्टर परवडत नाही. भाड्याच्या ट्रॅक्टरला मागणी येते ती इथून.

अनुदान : केंद्राचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान 2014-15 पासून सुरू आहे. त्यात गावपातळीवरील अवजारे बँकेच्या 10 लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला 80 टक्के, तर व्यक्तिगत सेवा केंद्राला 40 टक्के अनुदान अशी तरतूद होती. निकष वेळोवेळी बदलले आहेत. महाराष्ट्रात अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करायचा असतो. पूर्वसंमतीआधी केलेली खरेदी ग्राह्य धरली जात नाही, आणि अनुदान खरेदीनंतर मिळते. म्हणून सुरुवातीचे भांडवल स्वतःचे किंवा कर्जाऊ लागतेच.

तासांचा हिशेब : या धंद्याचा कणा हाच. ट्रॅक्टरचे आयुष्य 10 वर्षे व वापर वर्षाला 1,000 तास धरण्याचा कृषी अभियांत्रिकीत प्रघात आहे. 8 लाखांच्या ट्रॅक्टरची शेवटची किंमत 10 टक्के धरली, तर घसारा वर्षाला 72,000 रुपये येतो. सरासरी भांडवलावर 10 टक्के व्याज म्हणजे आणखी 44,000. हा 1,16,000 रुपयांचा स्थिर खर्च 1,000 तासांवर वाटला तर तासाला 116 रुपये पडतो, 400 तासांवर 290. डिझेल, चालकाची मजुरी व दुरुस्ती वेगळी. नवा मालक पुष्कळदा फक्त डिझेल आणि बँकेचा हप्ता मोजून दर ठरवतो. घसारा सुटतो, आणि पुढचा ट्रॅक्टर घ्यायची वेळ आली की गाठीला पैसा नसतो.

तास भरणे कठीण, कारण सगळ्या गावाचा वाफसा एकदम येतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरणी करावी असा सल्ला असतो. तो पाऊस झाला की आठवडाभर फोन थांबत नाही, पुढे ट्रॅक्टर उभा. उन्हाळ्यात पल्टी नांगर व रोटाव्हेटर, जूनमध्ये पेरणी यंत्र, सुगीत मळणी यंत्र आणि मधल्या काळात ट्रॉली, असा संच घेतला तर तास वर्षभर पसरतात. नुसत्या रोटाव्हेटरवर सुरू केलेले केंद्र लवकर अडचणीत येते, कारण तो गावात आधीच अनेकांकडे असतो.

रुंद वरंबा-सरी यंत्र : रुंद वरंबा-सरी पद्धतीचा पाया 1970 च्या दशकात हैदराबादजवळील पाटनचेरू येथील इक्रिसॅट या संशोधन संस्थेत काळ्या जमिनीसाठी घातला गेला. मूळ मांडणीत सुमारे 100 सेंटिमीटरचा वरंबा व 50 सेंटिमीटरची सरी. पावसाचा खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते, अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून निघून जाते. विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनला असे वरंबे व सऱ्या पाडणारे हे यंत्र अत्यंत उपयुक्त आहे. मात्र ते वर्षातून मोजकेच दिवस चालते, त्यामुळे एकट्या शेतकऱ्याने विकत घेण्यात अर्थ नाही. गावाच्या सामाईक अवजारांत त्याचा मान पहिला असायला हवा.

कर व विमा : शेतीकामासाठी यंत्रे भाड्याने देण्यावर वस्तू व सेवा कर माफ आहे. भाड्याच्या कामात झालेल्या अपघाताची भरपाई विम्याच्या अटींवर अवलंबून राहते.

वसुली : बरेचसे भाडे सुगीवर, माल विकल्यावर मिळते. डिझेल मात्र रोख.

महिला गट : महिला बचत गटही अवजारे बँका चालवतात.